खाऱ्या काठानं, पायी

आम्ही हौसेनं चाललो नाही. गाडी मिळाली नाही म्हणून चाललो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पायी प्रवासाची वर्णनं लिहिणाऱ्यांना वाटेत पाखरं दिसतात, सूर्यास्त दिसतात. मला माझे पाय दिसत होते आणि पुढं चाललेल्या आत्याच्या टाचा दिसत होत्या.

त्या सालात वऱ्हाडात गाडी मिळतच नव्हती. अमेरिकेत लढाई लागली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या काळ्या रानातला निघाला होता. रेल्वे अजून अकोल्यापर्यंत आलेली नव्हती. मग जेवढी म्हणून चाकं होती तेवढी कापसाखाली गेली. लग्नाचे दमणे गेले, शेणखताच्या खटाऱ्या गेल्या. अमरावतीच्या परकोटाबाहेर गाड्यांचा तळ पडायचा, तिथं मी आणि आत्या फिरफिर फिरलो. एका गाडीवानानं आत्याला तोंडावर सांगितलं, "बाई, कापूस बोलत नाई, ओकत नाई, अन् मधातच बाळंत होत नाई. बाईमाणसाचं भाडं कोन घेईन?"

मी त्याच्यावर धावून गेलो. त्या वयात मी सगळ्यांवरच धावून जात असे. शाळा शिकून झाली होती, मुंबई-पुण्याकडून येणारी छापील पत्रकं वाचून डोकं पेटलं होतं, आणि स्वतःचीही एक-दोन शिळाछापावर काढून मी बाजारात वाटली होती. त्यातलं एक नवसाविरुद्ध होतं. देवाला दिलेली लाच, असं मी त्यात नवसाला म्हटलं होतं. ते वाचून आमच्या माळ्यांच्या आळीत दोन महिने माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

आत्यानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. "चाल बापू. तुह्या भांडनानं चाक फिरत असतं तं मी तुलेच जुपलं असतं."

आत्या म्हणजे माझ्या बापाची बहीण. विधवा, आमच्याच घरी राहायची, आमच्या मळ्यातली भाजी डोक्यावर घेऊन बाजारात विकायची. तिला एकच लेक. ती लेक दिली होती पूर्णेकाठच्या एका गावात, अकोल्याच्या उत्तरेला, खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यात विहीर खणा, पाणी मचूळच लागतं. म्हातारी माणसं म्हणतात, तिथं कधीकाळी समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागं ठेवून गेला. खरंखोटं मला ठाऊक नाही. पण गोडं पाणी जिथं संपतं आणि खारं सुरू होतं त्या जागेला आमच्याकडं सगळे काठच म्हणतात, आणि त्या काठाकाठानं बडनेऱ्याहून मूर्तिजापुरावरून पश्चिमेला एक जुनी पायवाट जाते. गोड्या पाण्याची गावं धरून धरून माणसं चालत गेली, तिची ती वाट. समुद्र नसलेल्या मुलखातली आमची ही किनाऱ्याची वाट.

आत्याच्या लेकीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी व्हायला हवं होतं. झालं नाही. कापसाची वेचणी ऐन भरात होती, सासरच्यांनी कामाचे हात सोडले नाहीत. लेकरू तिकडंच जन्मलं आणि सहावी पुजायच्या आत गेलं. सासरचे म्हणाले नजर लागली. आत्या म्हणाली पाण्यानं गेलं. मलाही तेव्हा पाण्यानंच वाटलं. आज कोणी शपथेवर विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण ती दुसऱ्यांदा गरोदर आहे, दिवस भरत आले आहेत, असा निरोप आला तेव्हा आत्यानं भाजीची टोपली पालथी घातली आणि म्हणाली, "हे लेकरू गोड्या पान्यावर झालं पाह्यजे. मी तिले आनते." दुसऱ्या बाळंतपणावर माहेरचा हक्क नसतो. ते सासरचं. सासरचे पाठवतील कशावरून, हे तिनं विचारात घेतलं नाही, मी घेतलं, पण माझं कोण ऐकतो.

जाताना शिमगा नुकताच झालेला. ऊन चढत होतं. बडनेऱ्यापुढं वाट सापडेना. म्हणजे वाट होती, पण तिच्यावर पऱ्हाटी उभी होती. ज्याच्या शेताला वाट लागून होती त्यानं ती नांगरून शेतात घेतली होती. वेचणी होऊन गेलेल्या पऱ्हाटीचे खुंट माझ्या वहाणेचा तळ फोडून पायात शिरले. धुऱ्यावरून गेलो तर शेतवाला ओरडला, शेतातून गेलो तर त्याची बायको. मी त्याला वाटेचा हक्क म्हणजे काय ते समजावू लागलो. तो म्हणाला, "तुह्या हक्कावर किती बोंडं येतात?" आत्या तोवर पुढं निघून गेली होती. मला पळत जाऊन तिला गाठावं लागलं.

असं चाललो. दुपारी झाडाखाली पडायचं, उन्हं कलली की उठायचं, गावाच्या मारुतीत मुक्काम. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात गाड्यांवर, कापसावर, विलायतेवर मोठमोठे परिच्छेद रचत होतो. मग परिच्छेदांची वाक्यं झाली. मूर्तिजापूर मागं टाकून उत्तरेला खाऱ्यात उतरलो तेव्हा डोक्यात फक्त शिव्या उरल्या होत्या, आणि त्याही पुऱ्या होत नव्हत्या. खाऱ्या पाण्यानं तहान भागत नाही, पोट मात्र सुटतं. काळ्या मातीला भेगा अशा पडल्या होत्या की पाय घातला तर घोट्यापर्यंत जावा. रस्त्याच्या बाभळींना दोन्ही बाजूंनी कापूस चिकटलेला. गाड्या जाताना काट्यांनी ओढून घेतलेला. झाडं म्हातारी झाल्यासारखी दिसत होती.

गावात पोचलो तर विहीणबाईंनी आमचे पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, सगळं रीतसर केलं. बाई वाईट नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मी तिच्याबद्दल पुढं रागानं लिहीन. घरात नवी पितळी भांडी चकाकत होती. दारात गाडी नव्हती. जावई दोन्ही बैल घेऊन कापसाच्या गाड्यांबरोबर खामगावला गेला होता आणि तिथून पुढं कुठं गेला याचा कोणाला पत्ता नव्हता.

माझी बहीण, म्हणजे आत्याची लेक, चौकटीला टेकून उभी होती. पोट मोठं, तोंड लहान झालेलं. आईला पाहून ती हसली नाही आणि रडलीही नाही. "आली का," एवढंच म्हणाली.

आत्यानं विषय काढला. विहीणबाई म्हणाल्या, "न्या ना. तिची माय आहा तुमी. गाडी आना अन् न्या."

"गाडी कुठून आनू, इहीनबाई? तुमचीच नाई घरी."

"मंग तो येईन तवा न्या."

"तवालोक थांबन का ती?"

"मंग इथंच होईन. मी काय मेली हाये का?"

आत्या म्हणाली, "आमी पायी आलो. हळूहळू पायी नेऊ."

त्यावर विहीणबाईंचा चेहरा बदलला. "आमची सून पायी? पोटुशी? गावातून? लोक काय म्हनतीन, कापसात एवढं कमावलं अन् सून पायी धाडली?" दोन वर्षांपूर्वी हीच सून, हीच सासू, दोघी डोक्यावर बोजे घेऊन बाजाराला पायीच जात असत. ते मी तिथल्या तिथं बोलून दाखवलं. आत्यानं माझ्याकडं न बघता मला चूप केलं.

मग एकाएकी तिनं पदर पुढं पसरला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "आता लपवून काय करू, इहीनबाई. मी नवस बोलली हाये. अंबामाय, या वक्ताचं लेकरू जगू दे, लेकीले पायी तुह्या दारी घेऊन येईन."

अमरावतीच्या अंबादेवीच्या नवसाला वऱ्हाडात कोणी नाही म्हणत नाही. पायी जाण्यात जी बेअब्रू होती ती एका वाक्यात गेली आणि तिच्या जागी पुण्य आलं. विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तं!" आणि उठून त्या दाण्यागुळाचे लाडू बांधायला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः सुनेची ओटी भरली आणि वेशीपर्यंत आल्या. गावातल्या बाया आल्या. एकीनं तर माझ्याही पाया पडून घेतलं.

वेस ओलांडून थोडं पुढं गेल्यावर मी आत्याला हळूच विचारलं, "कधी बोललीस हा नवस?"

"तवाच. तुह्या समोर." ती म्हणाली. "तोंड मिटून चाल."

मी मिटलं. नवसाविरुद्ध छापलेली उरलीसुरली पत्रकं माझ्या पडशीत होती. मला लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं. खोट्या नवसानं खोटी अब्रू उलथली, वाईट काय झालं, अशी मी मनाची समजूत घातली.

पण ती भरल्या दिवसांची बाई आणि ती वाट. ती दहा पावलं चालायची आणि थांबायची. कमरेवर हात ठेवून पुढं बघायची, जणू पुढं कोणी बोलावत होतं. आत्या तिला एका हातानं धरायची. दुपारच्या विसाव्याला तिचे पाय आत्या मांडीवर घ्यायची, चोळायची. पाय सुजून फुगले होते, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. तिनं वहाणा काढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं घाल, खुंट लागतात. ती म्हणाली, "नवसाले वहाना चालत नाईत, दादा."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी आत्याकडं पाहिलं. तेव्हा आम्हाला कळलं, की तो नवस दोघींनी ऐकला होता. सासूनं, आणि लेकीनं.

काठावर परत आलो तिथं पहिली गोड्या पाण्याची विहीर लागली. आत्या अक्षरशः धावत गेली, लोटा भरून आणला, लेकीच्या तोंडाला लावला. ती एक घोट प्याली आणि तोंड वाकडं केलं. "अळनी लागते वो माय."

"अळनी?"

"चवच नाई."

त्या एका शब्दावर आत्या एवढी संतापली, की तिनं उरलेला लोटा स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. "अळनी म्हने! याच पान्यावर वाढवली तुले!" मग तिघंही हसलो. हसताना बहिणीच्या पोटात दुखलं आणि ती खाली बसली. हसणं तिथंच थांबलं.

मूर्तिजापुराच्या अलीकडं मागून गाडी आली. रिकामी! मला आधी खरंच वाटेना. एक म्हातारा आणि त्याची बायको, नांदगाव पेठेचे. अकोल्याला कापूस टाकून घरी परत चालले होते. अमरावतीवरूनच जायचे. म्हाताऱ्यानं बहिणीकडं पाहिलं आणि विचारायच्या आधीच बैल थांबवले. "बसा माय. रिकामाच चाल्लो."

मी बहिणीचा हात धरला. तिनं सोडवून घेतला.

"मी नाई बसत. पायी जायचा नवस हाये."

आत्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती लेकीच्या जवळ गेली, आवाज खाली आणून म्हणाली, "अवो, तो नवस नोयता. तुह्या सासूपुढं तोंडातून निघालं ते. तुले आनायसाठी."

"देवीचं नाव घेतलं का नाई?"

"घेतलं."

"लेकरू जगू दे म्हनलं का नाई?"

"म्हनलं, पन..."

"मंग झालं ना." ती चालायला लागली.

मी तिच्या पुढं जाऊन उभा राहिलो आणि जे काही मला येत होतं ते सगळं सांगितलं. नवस म्हणजे सौदा, देवी असलीच तर ती काही खामगावचा अडत्या नाही, खोटं बोललेलं खोटंच. माझं ते पत्रक जवळजवळ सगळं मी तिला रस्त्यात उभं राहून म्हणून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तू तं म्हनतं देवीच नाई. मंग तू मधात कोन?"

म्हातारा गाडीवर बसून हे ऐकत होता. त्याच्या बायकोनं गाडीतून विचारलं, "बसून राहिली का नाई?" तो म्हणाला, "नाई. तिघायचं भांडन हाये, अन् चौथी देवी."

त्यांनी निघून जायला हवं होतं. गेले नाहीत. म्हातारी म्हणाली, अशा बाईला रस्त्यात टाकून मी जाणार नाही. मग गाडी आमच्या चालीनं चालायला लागली. रिकामी गाडी, आणि तिच्या सावलीत चालणारी तीन माणसं. समोरून कापसानं उतू जाणाऱ्या गाड्या येत होत्या, कासऱ्याला झटके देत पश्चिमेला पळत होत्या. त्यांतले गाडीवान आमच्याकडं बघून विचारायचे, काय हो, गाडी आजारी आहे का? म्हातारा म्हणायचा, "बैलायले लाज वाटून राहिली, मी काय सांगू."

मला रडावंसं वाटत होतं. सगळ्या वऱ्हाडात एका बाईसाठी एक गाडी मिळेना म्हणून मी इतके दिवस दात खाल्ले होते. आता गाडी होती, बाई होती, आणि मधे आमच्याच घरात तयार झालेलं एक वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका कोरड्या नाल्यात बहीण खाली बसली आणि उठेना. दोन्ही हातांनी पोट धरलेलं. म्हातारीनं तिच्या पोटावर हात ठेवून पाहिला, आत्याकडं पाहून मान हलवली. अजून नाही, पण फार लांबही नाही. आत्या तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली, हात जोडले, विनवलं, शिव्या घातल्या. ती मान हलवत राहिली. "मागच्या खेपेले कोनी काई बोललं नोयतं देवीले. गेलं ते. आता बोललेलं मोडू कशी?"

मी दमलो होतो. नुसता दमलो होतो. वाद घालायची ताकद उरली नव्हती. देवी आहे की नाही, हे ठरवायची हौस त्या नाल्यात संपली होती. उरलं ते एवढंच, की शब्द हा माझा धंदा होता. मी सहज विचारलं, "आत्या, नवस पुन्हा म्हण. जसाच्या तसा."

ती वैतागून म्हणाली, "लेकीले पायी तुह्या दारी घेऊन येईन."

"कोण येईल?"

"मी."

"मग पायी कोण?"

मी बहिणीकडं वळलो. "घेऊन येणारी आत्या. कर्ता आत्या. पायी हे त्या कर्त्याला लागतं. शाळेत हेच शिकवतात."

"हे कायचं काय काढून राहिला तू?" बहीण म्हणाली.

"तुझी आई रोज वांगी पायी बाजारात घेऊन जाते. वांगी चालतात का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. म्हातारा गाडीवरून मोठ्यानं हसला, "वांगी चालतात का म्हने!" पण ती लगेच फसणारी नव्हती. तिनं विचार केला, कळ येऊन गेली तेवढा वेळ डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "देवीले व्याकरन येते का?"

उत्तर म्हातारीनं दिलं. "तिले सगळं येते वो. तू बस आता."

"मंग माय पायी आली पाह्यजे," बहीण म्हणाली. "पुरी. देवीच्या दारालोक. माहं दर्शन मंग. मधात कुठंई बसायचं नाई गाडीत."

"येते," आत्या म्हणाली.

आम्ही तिला उचलून गाडीत निजवलं. खाली आमची धोतरं-लुगडी अंथरली. आत्यानं म्हाताऱ्याला सांगितलं, "आता पयवा. आमच्यासाठी थांबू नोका." घर कुठं ते मी सांगितलं: बडनेऱ्याच्या वाटेवर, देवळाच्या अलीकडं, मोटेची विहीर असलेला मळा. म्हातारीनं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. बैल खरंच पळाले. धूळ उडाली, गाडी धुळीत गेली, आणि मग धूळही खाली बसली.

आत्या त्या धुळीकडं बघत उभी होती. इतक्या लांब ती एकाच गोष्टीसाठी आली होती: लेकीचं बाळंतपण गोड्या पाण्यावर, आपल्या हातांनी व्हावं. आता तिची लेक एका अनोळखी म्हातारीच्या मांडीवर पुढं गेली होती, आणि ती मागं राहिली होती.

पुढं आम्हाला आणखी एक रिकामी गाडी भेटली. आता भेटायच्याच. मी आत्याला म्हटलं, बस. कोण बघतंय? बडनेऱ्यापर्यंत जाऊ, तिथून चालू. बाळंतपणाला वेळेवर पोचशील.

"नाई."

"आत्या, तूच तर म्हणालीस नवस खोटा आहे."

"खरा का खोटा मले आता माहीत नाई," ती म्हणाली. चालणं न थांबवता म्हणाली. "लेकराले काई झालं ना बापू, तं ती जनमभर म्हनन, माय गाडीत बसली. मंग मी काय करू? तुहं व्याकरन सांगू?"

त्यावर मी पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही.

ती चाल मी नीट सांगू शकत नाही, कारण मला ती तुकड्यातुकड्यानं आठवते. आत्याचा एक पाय ओढला जायला लागला. मी बाभळीची काठी मोडून दिली, तिच्या तळहाताला फोड आला. लाडू संपले होते. एका विहिरीवर पाणी प्यालो, तिथल्या माणसानं कापसाचा भाव विचारला. आम्ही अमरावतीकडं चाललो होतो, तरी विचारला. त्या वर्षी लोक एकमेकांना रामराम करायच्या जागी भाव विचारत. मी काहीतरी आकडा सांगितला. तो खूश झाला.

बडनेरा मागं पडलं. मग आमच्या मळ्याची पेरूची झाडं दिसली. दारासमोर तीच गाडी सोडलेली उभी होती, बैल कडबा खात होते. म्हाताऱ्यानं आम्हाला पाहिलं आणि आत आवाज दिला. माझी आई बाहेर धावत आली, हात ओले, पदर खोचलेला.

"झाली!" ती लांबूनच ओरडली. "पोट्टी झाली! सकाळीच!"

आत्या थांबली नाही. चालता चालता विचारलं, "जित्ती हाये?"

"जित्ती! ऐक ना, रडून राहिली!"

खरंच आतून रडणं ऐकू येत होतं. बारीक, चिडलेलं. आत्यानं मान वळवली, ऐकलं. पाय मात्र थांबले नाहीत. ती आमच्या दारावरून पुढं गेली.

"आत्या," मी म्हटलं, "घर इथं आहे."

"मले दिसते."

माझी आई तोंडाला पदर लावून बघत राहिली. मी आत्याच्या मागं गेलो. देवळापर्यंतचा रस्ता एरवी काहीच नाही, भाजी घेऊन ती रोज जायची. त्या दिवशी प्रत्येक घराशी ती काठीवर भार देऊन उभी राहायची आणि पुन्हा निघायची. मी बाहेरच पायरीवर बसलो. आत जाणं मला माझ्या लिखाणाच्या हिशोबानं शोभलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मला उठताही आलं नसतं. ती आत गेली. फार वेळ लागला नाही. बाहेर आली, माझ्या शेजारी पायरीवर बसली, काठी खाली टाकली.

"चल," मी म्हटलं, "नात बघायला."

"चालनं होत नाई आता."

"इथपर्यंत आलीस की."

"पायी यायचा नवस होता," ती म्हणाली. "जायचा नोयता. घे मले पाठीवर."

मी तिला पाठकुळी घेतलं. हाडांची होती, तरी त्या दिवशी मला ती भरल्या गाडीएवढी वाटली. बाजारातून जाताना गाड्यांच्या तळावरचे लोक बघायला लागले. त्यांतलाच एक ओरडला, "काय मास्तर, बोजा कोन्या भावाचा?"

माझ्या कानाजवळून आत्या ओरडली, "तुह्या बापाले परवडत नाई!"

मी हसलो, पण तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं. घरी ओसरीवर तिला उतरवलं तेव्हा आईनं कपड्यात गुंडाळलेलं लेकरू आणून तिच्यापुढं धरलं. आत्यानं हात पुढं केले नाहीत. भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं ठेवून, ती घोरत झोपली होती. आतून बहिणीनं विचारलं, "माय आली का? पायीच आली ना?"

"पायीच आली," मी म्हटलं.

"पोट्टीले पाहून काय म्हनली?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी आत्याच्या सुजलेल्या तळपायांवरची माशी हाकलली आणि म्हटलं, उठली की विचारू.